'माया'चे मालक किती? : ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या इतिहासातील दुर्लक्षित तारखा

१/
संगणकीय ॲनिमेशनच्या इतिहासाचा विषय निघाला की सर्वप्रथम सांगितली जाते ती तारीख २२ नोव्हेंबर १९९५. त्या दिवशी अमेरिकेत 'टॉय स्टोरी' प्रदर्शित झाला आणि संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट जगाने पाहिला. तारीख अचूक आहे. परंतु ती प्रेक्षकांच्या इतिहासातली तारीख आहे. ज्या अवजारांनी ही चित्रे हलवली, त्या अवजारांचा इतिहास निराळ्या वर्षांनी मोजावा लागतो : १९८७, १९९५, २००२, २००८ आणि २०१४. या वर्षांत अवजारांचे मालक बदलले, आणि त्या प्रत्येक बदलाने हजारो कलाकारांचे कौशल्य व त्यांनी घडवलेले साहित्य पणाला लागले. या थ्रेडचे प्रतिपादन एवढेच, की ॲनिमेशन सॉफ्टवेअरचा इतिहास हा आधी मालकीचा इतिहास आहे आणि तो तसाच लिहिला गेला पाहिजे.

२/
मालकीला इतके महत्त्व का? पाथरवटाची छिन्नी ज्या लोहाराने घडवली तो निवर्तला, तरी छिन्नी चालत राहते. सॉफ्टवेअरचे तसे नसते. ते चालायला विशिष्ट यंत्र लागते, त्या यंत्रावर विशिष्ट कार्यप्रणाली लागते आणि कंपनीने दिलेला चालू परवाना लागतो. यांतले एक जरी निसटले, तरी अवजार कलाकाराच्या हातात असूनही निरुपयोगी ठरते. शिवाय त्या अवजाराने घडवलेली वस्तू, म्हणजे दृश्याची फाइल, पुन्हा उघडण्यासाठीही तेच अवजार लागते. छिन्नी हरवल्यामुळे मूर्ती दिसेनाशी झाली, असे शिल्पकलेत कधी घडले नाही. इथे ते घडते.

३/
प्रारंभ मात्र खासगी मालकीने झालेला नाही. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीतील संशोधनासाठी 'स्केचपॅड' तयार केले. प्रकाश-लेखणीने थेट पडद्यावर रेषा काढता येणे, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९६८ मध्ये सदरलंड युटा विद्यापीठात आले. तिथे डेव्हिड इव्हान्स यांनी संगणक विभाग उभा केला होता आणि त्याला अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन संस्थेचा पैसा मिळत होता. त्याच वर्षी या दोघांनी मिळून 'इव्हान्स अँड सदरलंड' ही कंपनीही काढली. म्हणजे पडद्यावरील त्रिमितीय चित्रांचा पाया सार्वजनिक निधीवर घातला गेला. चित्रपटगृहातील मनोरंजन हा या निधीचा हेतू मुळीच नव्हता.

४/
युटात पुढच्या काही वर्षांत जे घडले ते थक्क करणारे आहे. हेन्री गूरो यांनी १९७१ मध्ये सपाट तुकड्यांनी बनलेला पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा यासाठी छायांकनाची पद्धत मांडली. हनोईत जन्मलेल्या बुई तुओंग फाँग यांनी चकाकणाऱ्या पृष्ठभागावरील प्रकाशाचे गणित दिले. एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी १९७२ मध्ये संगणकावर हलणाऱ्या हाताची छोटी फिल्म केली. कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधात पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची आणि पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते हे ठरवण्याची तंत्रे आली. हे सारे प्रबंधांत आणि शोधनिबंधांत छापले गेले. कोणीही ते वाचावे, वापरावे, सुधारावे.

५/
या मोकळेपणाचे प्रतीक म्हणजे एक चहाची किटली. मार्टिन न्यूएल यांना १९७५ मध्ये चाचणीसाठी एक सुबक वक्राकार वस्तू हवी होती. त्यांनी घरातल्या किटलीचे वक्र आलेखावर रेखाटले, आकडे काढले आणि ते आकडे इतरांना दिले. पुढे जगभरातील संशोधकांनी आपापली छायांकनाची तंत्रे याच किटलीवर पारखली. सर्वांसमोर एकच वस्तू असल्यामुळे कोणाची पद्धत सरस हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. आजही काही व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये गोल, घन आणि शंकू यांच्या रांगेत ही किटली तयार वस्तू म्हणून सापडते. मूळ किटली कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयात जपलेली आहे.

६/
युटातून बाहेर पडलेली माणसे मग धनिकांच्या आश्रयाला गेली. कॅटमल १९७४ मध्ये 'न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी'त आणि १९७९ मध्ये जॉर्ज लुकस यांच्या कंपनीत गेले. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी तो विभाग विकत घेतला आणि 'पिक्सार' स्वतंत्र झाली. पिक्सारने १९८८ मध्ये 'रेंडरमॅन'चा आराखडा प्रसिद्ध केला. दृश्याचे वर्णन कोणत्या भाषेत करावे म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार होईल, हे त्यात सांगितले होते. मात्र पात्रांना हालचाल देणारे आपले सॉफ्टवेअर पिक्सारने कधीच बाजारात आणले नाही. ज्या 'टॉय स्टोरी'चे नाव घेऊन हा इतिहास सुरू होतो, तो चित्रपट बाहेरच्या कोणालाही मिळू न शकणाऱ्या अवजाराने घडला होता.

७/
१९८० च्या दशकाच्या प्रारंभी हीच रीत सर्वत्र होती. प्रत्येक स्टुडिओ स्वतःचे सॉफ्टवेअर स्वतःच लिही. 'ट्रॉन' (१९८२) मध्ये सहभागी असलेल्या रॉबर्ट एबल यांच्या कंपनीचे सॉफ्टवेअर वेगळे. 'द लास्ट स्टारफायटर' (१९८४) साठी क्रे महासंगणक वापरणाऱ्या 'डिजिटल प्रॉडक्शन्स'चे वेगळे. १९८६ मध्ये टोरांटोच्या 'ऑम्निबस' कंपनीने या दोन्ही संस्था विकत घेतल्या. कर्जाचा डोंगर झाला, उत्पन्न पुरले नाही आणि १९८७ मध्ये तिन्ही एकत्र कोसळल्या. त्या काळातील सर्वांत मोठी नावे काही महिन्यांत पुसली गेली आणि त्यांच्या भिंतींआड लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा बराचसा भाग त्यांच्याबरोबरच गेला. दुर्लक्षित तारखांपैकी ही पहिली.

८/
त्या पडझडीतून एक धागा वाचला. ऑम्निबसमध्ये काम करणाऱ्या किम डेव्हिडसन आणि ग्रेग हर्मानोविक यांनी १९८७ मध्येच तिथल्या 'प्रिझम्स' या सॉफ्टवेअरचे हक्क मिळवले आणि 'साइड इफेक्ट्स' ही कंपनी काढली. याच प्रिझम्सच्या पोटातून १९९६ मध्ये 'हुडिनी' जन्माला आले. धूर, पाणी, स्फोट, कोसळणाऱ्या इमारती अशा दृश्यांसाठी आजही जगभरचे स्टुडिओ हुडिनीकडे वळतात. दिवाळखोरीच्या वेळी दोन माणसांना हक्क मिळाले नसते, तर ही परंपरा तिथेच खुंटली असती. अवजाराचे आयुष्य गुणवत्तेइतकेच अशा कागदोपत्री व्यवहारांवर ठरते, याचे हे ठळक उदाहरण.

९/
दरम्यान एक नवी कल्पना रुजत होती : सॉफ्टवेअर स्वतःपुरते ठेवण्याऐवजी ते विकावे. टोरांटोत 'एलियस' (१९८३), कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरात 'वेव्हफ्रंट' (१९८४) आणि माँट्रियलमध्ये 'सॉफ्टइमेज' (१९८६) या तीन कंपन्या या कल्पनेवर उभ्या राहिल्या. सॉफ्टइमेजचे संस्थापक डॅनियल लांगल्वा हे स्वतः 'टोनी द पेल्त्री' (१९८५) या लघुपटाच्या दिग्दर्शकांपैकी एक. चित्रकाराने प्रोग्रामरची वाट न पाहता स्वतःच काम करावे, असे सॉफ्टवेअर त्यांना हवे होते. ते १९८८ मध्ये बाजारात आले आणि मॉडेल घडवणे, हालचाल देणे व अंतिम चित्र काढणे ही सारी कामे एकाच ठिकाणी करता येऊ लागली.

१०/
या तिन्ही कंपन्यांची भिस्त एका यंत्रावर होती : 'सिलिकॉन ग्राफिक्स' या कंपनीचे वर्कस्टेशन. तिचे संस्थापक जिम क्लार्क हेही युटाचेच विद्यार्थी. त्रिमितीय आकृती फिरवण्याचे, सरकवण्याचे गणित थेट चिपमध्ये कोरण्याची त्यांची युक्ती होती. त्यामुळे कलाकाराने हात फिरवताच पडद्यावरची आकृती फिरू लागली. परंतु ही यंत्रे अत्यंत महाग होती आणि त्यांच्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालत नसे. म्हणजे सॉफ्टवेअर विकत मिळू लागले खरे. पण त्याच्या दारावर यंत्राच्या किमतीचा अडसर होता. मोठ्या स्टुडिओबाहेरच्या कलाकाराला ही कला दुरूनच पाहावी लागे.

११/
१९९३ च्या 'जुरासिक पार्क'ने या अवजारांची ताकद सिद्ध केली. 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'च्या कलाकारांनी एलियसच्या सॉफ्टवेअरवर डायनोसॉर घडवले, सॉफ्टइमेजवर त्यांना चालवले-पळवले आणि रेंडरमॅनवर अंतिम चित्रे काढली. एका चित्रपटात तीन कंपन्यांची तीन अवजारे शेजारी शेजारी वापरली गेली, कारण प्रत्येकाचा गुण निराळा होता. हे वैविध्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाजारात तुल्यबळ स्पर्धक होते, कलाकाराला निवड होती आणि प्रत्येक कंपनीला दुसरीच्या पुढे राहण्यासाठी काहीतरी नवे करावेच लागत होते. पुढच्या दोनच वर्षांत हे चित्र पालटले.

१२/
१९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॉफ्टइमेज विकत घेतली. उद्देश उघड होता : चित्रपटसृष्टीला विंडोज एनटीवर आणायचे. प्रत्युत्तरादाखल सिलिकॉन ग्राफिक्सने १९९५ मध्ये एलियस आणि वेव्हफ्रंट या दोन्ही कंपन्या घेतल्या. यंत्र बनवणाराच आता सॉफ्टवेअरचाही मालक झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला यात स्पर्धेचा गळा घोटला जाण्याची शक्यता दिसली. म्हणून परवानगी अटींवर मिळाली : एलियसचे सॉफ्टवेअर एखाद्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या संगणकावरही चालेल अशी तजवीज करायची आणि इतर सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी आपली यंत्रणा खुली ठेवायची. 'टॉय स्टोरी'च्याच वर्षी घडलेली ही घटना. चित्रपटाचा वर्धापनदिन साजरा होतो. या आदेशाची आठवण क्वचितच निघते.

१३/
एलियस आणि वेव्हफ्रंट एकत्र आल्यावर, दोघांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील उत्तम ते घेऊन, १९९८ च्या फेब्रुवारीत नवे सॉफ्टवेअर आले. त्याचे नाव संस्कृतातून घेतले होते : 'माया'. जे दिसते पण असत नाही, ते निर्माण करणाऱ्या अवजाराला याहून समर्पक नाव मिळणे कठीण. मायाचा आणखी एक विशेष असा, की तिच्या बहुतेक आज्ञा एका अंतर्गत लिपीभाषेतून लिहिता येत. त्यामुळे प्रत्येक स्टुडिओ तिला आपल्या गरजेप्रमाणे वळण देऊ शके. २००३ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने मायाला तांत्रिक पुरस्काराने गौरवले. तोवर ती या व्यवसायाची जवळजवळ मातृभाषा झाली होती.

१४/
याच काळात दुसरा प्रवाह खालून वर येत होता. ऑटोडेस्कने १९९० मध्ये साध्या डॉस संगणकावर चालणारे 'थ्रीडी स्टुडिओ' आणले. १९९६ मध्ये त्याची 'मॅक्स' ही विंडोज आवृत्ती आली. 'न्यूटेक'चे 'लाइटवेव्ह' अमिगा या घरगुती संगणकावर चाले आणि १९९३ मध्ये 'बॅबिलॉन ५' या दूरचित्रवाणी मालिकेची अंतराळयाने त्यावर घडली. जी दृश्ये पूर्वी महागड्या वर्कस्टेशनविना अशक्य वाटत, ती टीव्हीच्या तुटपुंज्या खर्चात होऊ लागली. या प्रवाहाला चित्रपट-इतिहासात अर्धे वाक्य मिळते. सामान्य कलाकाराच्या दृष्टीने मात्र दार किलकिले झाले ते इथे.

१५/
साधे संगणक वेगवान झाले आणि सिलिकॉन ग्राफिक्सचा आधारच खचला. २००४ मध्ये तिने एलियस एका गुंतवणूक कंपनीला ५ कोटी ७५ लाख डॉलरना विकली. २००६ च्या जानेवारीत ऑटोडेस्कने एलियस आपल्यात सामावून घेतली आणि माया तिच्याकडे आली. सॉफ्टइमेज मायक्रोसॉफ्टकडून १९९८ मध्ये 'अविड'कडे गेली होती. २००८ मध्ये तीही ऑटोडेस्कने घेतली. थ्रीडीएस मॅक्स, माया आणि सॉफ्टइमेज हे तीन कट्टर प्रतिस्पर्धी आता एका छपराखाली होते. सिलिकॉन ग्राफिक्स दोनदा दिवाळखोरीत गेली आणि कॅलिफोर्नियातील तिच्या मुख्यालयात गूगल राहायला आले.

१६/
एका घरात तीन चुली फार काळ पेटत नाहीत. २०१४ च्या मार्चमध्ये ऑटोडेस्कने सॉफ्टइमेज बंद करण्याची घोषणा केली. 'सॉफ्टइमेज २०१५' ही अखेरची आवृत्ती ठरली. सॉफ्टवेअर कालबाह्य झाले म्हणून ही वेळ आली, असे म्हणता येत नाही. गाठी जोडून प्रोग्राम न लिहिता क्लिष्ट हालचाली घडवण्याची त्याची 'आइस' ही यंत्रणा अवघी सहा वर्षे जुनी होती आणि तिचे चाहते जगभर होते. कंपनीच्या हिशेबात मात्र एकाच कामासाठी तीन अवजारे जोपासणे हा दुप्पट-तिप्पट खर्च होता. हिशेब चूक नव्हता. पण ज्यांनी दहा-पंधरा वर्षे बोटांत मुरवलेली विद्या एका पत्रकाने निकामी झाली, त्यांना त्या हिशेबात रकाना नव्हता.

१७/
कौशल्य पुन्हा कमावता येते, फाइलींचे काय? मराठी इतिहासप्रेमींना या प्रश्नाची धार वेगळी समजावून सांगावी लागू नये. पेशवे दफ्तरातील रुमाल आजही पुण्यात आहेत. त्यांतील मोडी वाचणारे हात कमी पडतात, म्हणून कागद असूनही ते बोलत नाहीत. तरीही मोडी ही सार्वजनिक लिपी आहे. पुस्तक घेऊन, सराव करून ती कोणीही शिकू शकतो. बंद सॉफ्टवेअरच्या फाइलीची 'लिपी' मात्र एका कंपनीच्या कुलूपबंद सोर्स कोडमध्येच पूर्णपणे लिहिलेली असते. कंपनीने ते सॉफ्टवेअर सोडले की ती लिपी शिकण्याचा सरळ मार्गच उरत नाही. भावी संशोधकासमोर दफ्तर असेल, पण बाराखडी नसेल.

१८/
याच्या नेमके उलट उदाहरण वेव्हफ्रंटनेच मागे ठेवले आहे. तिच्या सॉफ्टवेअरची 'ओबीजे' नावाची फाइल साध्या मजकुराची असते. एका ओळीत बिंदूचे तीन आकडे, दुसऱ्या ओळीत कोणते बिंदू जोडून पृष्ठभाग होतो याची यादी. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी ती वाचता येते. कंपनी १९९५ मध्ये विकली गेली, तिचे सॉफ्टवेअर अस्ताला गेले. परंतु ही फाइल आजही जवळजवळ प्रत्येक त्रिमितीय सॉफ्टवेअर उघडते. तिच्यात हालचाल साठवता येत नाही, ती अगदी प्राथमिक आहे. तरी तीच टिकली, कारण तिची लिपी उघडी होती. दीर्घायुष्याचे रहस्य इथे प्रगत तंत्रात नसून वाचनीयतेत आहे.

१९/
हा धोका केवळ गरीब किंवा निष्काळजी संस्थांना आहे, असे समजू नये. 'टॉय स्टोरी' २००९ मध्ये थ्रीडी स्वरूपात पुन्हा प्रदर्शित झाला. त्यासाठी मूळ दृश्ये दुसऱ्या कॅमेऱ्यातून नव्याने काढायची होती. पिक्सारकडे फाइली होत्या, सॉफ्टवेअर तिचे स्वतःचे होते, ते लिहिणारी माणसेही कंपनीत होती. तरीसुद्धा जुने साहित्य पुन्हा चालत्या स्थितीत आणायला काही महिने खर्ची पडले. ज्यांच्यापाशी माणसे, पैसा आणि सोर्स कोड तिन्ही आहेत त्यांची चौदा वर्षांत ही अवस्था होते, तर बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या एखाद्या लहान स्टुडिओचे तीस वर्षांनी काय होईल, याची कल्पना करता येते.

२०/
आता २००२ कडे वळू. नेदरलँड्समधील 'निओजिओ' या स्टुडिओत टोन रोझेनडाल यांनी १९९४ च्या प्रारंभी अंतर्गत वापरासाठी 'ब्लेंडर' लिहायला घेतले. पुढे त्यासाठी काढलेली 'नॉट अ नंबर' ही कंपनी २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी गुंडाळली. म्हणजे १९८७ च्या ऑम्निबसचीच पुनरावृत्ती. फरक पुढच्या पावलात होता. एक लाख युरो मिळाले तर सोर्स कोड मुक्त करू, यावर गुंतवणूकदार राजी झाले. १८ जुलैला मोहीम सुरू झाली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीएनयू परवान्याखाली सर्वांचे झाले. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून आपले अवजार लिलावातून सोडवून आणले.

२१/
योगायोगाची गोष्ट म्हणजे त्याच वर्षी मायाच्या मूळ आवृत्तीची किंमत सुमारे ७,५०० डॉलरवरून १,९९९ डॉलरवर आणली गेली. तेव्हा ब्लेंडरकडे हौशी लोकांचे खेळणे म्हणूनच पाहिले जाई. 'एलेफंट्स ड्रीम' (२००६) आणि 'बिग बक बनी' (२००८) हे लघुपट करताना त्याच्या उणिवा शोधून भरल्या गेल्या. २०१९ मधील २.८० आवृत्तीने त्याचे रूप पालटले. २०२५ च्या मार्चमध्ये गिंट्स झिलबालोडिस यांच्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ब्लेंडरवर घडला होता. १९९५ इतकेच २००२ हे वर्षही पाठ्यपुस्तकात असायला हवे, याला याहून भक्कम पुरावा नसावा.

२२/
प्रतिवादही ऐकला पाहिजे. पहिला आक्षेप : बड्या कंपन्यांच्या पैशाशिवाय हे तंत्र इतके पुढे आले असते का? बहुधा नाही. एकच माया सर्वत्र असल्याने एका स्टुडिओतला कलाकार दुसऱ्यात सहज रुजू होऊ शकला, हाही लाभच. दुसरा आक्षेप : ब्लेंडरही आज एपिकसारख्या कंपन्यांच्या देणग्यांवर उभे आहे, एपिकने २०१९ मध्ये बारा लाख डॉलर दिले. तेही खरे. तिसरा : हुडिनी बंद सॉफ्टवेअर असूनही आपल्या जुन्या कंपनीकडेच सुखरूप आहे. मान्य. पण या सर्व उदाहरणांत प्रश्न एकच उरतो : मालकाने उद्या हात काढला, तर वापरणाऱ्याकडे काय शिल्लक राहते? ब्लेंडरबाबत देणगी थांबली तरी कोड राहतो. सॉफ्टइमेजबाबत तो राहिला नाही.

२३/
या प्रश्नाचे पडसाद भारतापर्यंत पोहोचले आहेत. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज'ने ११ फेब्रुवारी २०१३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. दोनच आठवड्यांत त्या कामाला ऑस्कर मिळाले. या कंपनीच्या शाखा मुंबई आणि हैदराबादेतही होत्या. तिचे ॲनिमेशनचे मुख्य सॉफ्टवेअर तिने स्वतःच लिहिलेले होते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्या कलाकाराची विद्या त्या चार भिंतींत सर्वाधिक मोलाची असते आणि भिंती कोसळल्या की तिचा मोठा हिस्सा मागे राहतो. पुरस्कार मंचावर पोहोचतो. अवजार आणि कारागीर यांची ताटातूट बातमीत येत नाही.

२४/
महाराष्ट्रातील हजारो तरुणांनी गेल्या पंचवीस वर्षांत शुल्क भरून ॲनिमेशनचे वर्ग केले. त्यांतल्या अनेकांच्या लेखी 'ॲनिमेशन शिकणे' म्हणजे अमुक एक सॉफ्टवेअर शिकणे. हा गैरसमज महागात पडू शकतो. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. तेव्हापासून नवा ग्राहक मायाचा मालक होत नाही, भाडेकरू होतो. भाडे थांबले की स्वतःच्याच जुन्या कामाचे दारही बंद. म्हणून वजन, वेळ, तोल, प्रकाश ही तत्त्वे आधी आणि बटणे नंतर, हा जुन्या चित्रकारांचा क्रम आजही खरा आहे. सॉफ्टवेअरचा इतिहास अभ्यासक्रमात असता, तर हा धडा विद्यार्थ्याला नोकरी गमावण्यापूर्वी मिळाला असता.

२५/
मग करायचे काय? तीन गोष्टी शक्य आहेत. एक, बंद केलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड ठरावीक मुदतीनंतर एखाद्या संग्रहालयाकडे सोपवला जावा. हे स्वप्नरंजन नाही. फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीचा कोड २०१३ मध्ये संगणक-इतिहास संग्रहालयाने कंपनीच्या संमतीने अभ्यासकांना खुला केला आहे. दोन, सार्वजनिक पैशातून घडलेल्या ॲनिमेशनपटांचे साहित्य खुल्या स्वरूपातही जतन व्हावे. पिक्सारने २०१६ मध्ये मुक्त केलेले 'यूएसडी' हे स्वरूप त्यासाठी उपलब्ध आहे. तीन, कलाकारांनी आपल्या कामाची एक प्रत सॉफ्टवेअरनिरपेक्ष स्वरूपात ठेवावी. ओबीजेची साधी फाइलसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरी.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी चौथे काम आहे आणि ते कोणाच्या परवानगीविना आजच सुरू करता येते. मुंबई-पुण्यातील ज्या स्टुडिओंत १९९० च्या दशकात पहिली त्रिमितीय दृश्ये झाली, तिथली माणसे अद्याप हयात आहेत, बोलायला तयार आहेत. कोणते यंत्र होते, कोणते सॉफ्टवेअर, ते कसे आणले, कोण कोणाला शिकवत असे, जुन्या टेप आणि सीडी कुठे आहेत, हे त्यांना विचारून लिहून ठेवले पाहिजे. ज्यांच्या माहितीत असे कलाकार, अशा फाइली वा जुनी मॅन्युअल असतील, त्यांनी खाली जरूर नोंदवावे. टेपवरील चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा झिजतो आहे.